न घासलेलं नाणं

खरं सांगा, जमिनीत सापडलेलं, हिरवंगार पडलेलं जुनं नाणं हातात आलं तर तुम्ही आधी काय कराल?

घासाल. मला विचारायचीही गरज नाही. चिंच लावाल, राख लावाल, नारळाच्या शेंडीनं खसाखसा चोळाल आणि नाणं चमकलं की घरातल्यांना हाका मारून दाखवाल. सगळा वऱ्हाड हेच करतो आणि त्यात कुणाच्या मनात पाप नसतं. पण तसं चमकवलेलं नाणं घेऊन तुम्ही अमरावतीला अंबापेठेत असनारे सरांच्या ओसरीवर गेला असता तर तुमचं काय झालं असतं, ते सांगायला मी बसलो आहे. सर आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. मला ती जमणार नाही. माझे वडील अकोल्याला ताजनापेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवत. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, छापून उरलेली पत्रकं होती. ‘बंधूंनो, जागे व्हा’ या ओळीवर मी वाचायला शिकलो. तेव्हा गोडाची अपेक्षा माझ्याकडून करू नका.

असनारे सर आम्हाला कॉलेजात इतिहास शिकवायचे. उंच, पुढं वाकलेले, धोतरावर काळा कोट. भिंगातून पाहून पाहून उजवा डोळा कायम अर्धा मिटलेला. कोटाच्या वरच्या खिशात लोक फाउंटन पेन ठेवतात. सरांच्या खिशात कागदाची पुडी असायची आणि पुडीत बाभळीचे काटे. रस्त्यानं चालताना बाभूळ दिसली की सर थांबणार, काटा तोडणार, टोक अंगठ्यावर टेकवून पाहणार, पसंत पडला तर पुडीत आणि नाही तर रस्त्यावर. नाण्यावरचं किटण काढायला त्यांना दुसरं हत्यार चालत नसे.

“सुई का नको?” ते विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. “लोखंड नाण्यापेक्षा कडक. नाण्याला ओरखडा पडतो. काटा मातीपेक्षा कडक, पण नाण्यापेक्षा मऊ. तो माती काढतो आणि नाण्यापाशी आला की स्वतः मोडतो. माणसांत अशी अक्कल असती तर काय पाहिजे होतं!”

नाण्यांशी हा माणूस जसा वागायचा तसं आई तान्ह्या मुलाशीही वागत नसेल. पावसाचं पाणी गाळून बरण्यांत भरलेलं असे. नाणं त्या पाण्यात महिनेच्या महिने पडून राही. पाणी बदलायचं, वाट पाहायची. मग कापसावर ठेवून एखादा थेंब तेल, आणि काटा. रविवारी सकाळी आम्ही पाचसहा विद्यार्थी त्यांच्या ओसरीवर बसून हे पाहायचो. एखादं अक्षर मातीतून वर आलं की सर त्याच्यावर हळूच फुंकर घालत आणि म्हणत, “ये, ये. घाबरू नको.” त्यांच्या तोंडून मऊ शब्द मी ऐकले ते तेवढेच. बायकोशी बोलतानाही नाही.

बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकूंच्या घरात चिंच वर्ज्य होती. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत त्यांनी देवाच्या तांब्याभांड्यांबरोबर टेबलावरची तीन नाणीही लख्ख घासून ठेवली होती, नवरा खूश होईल म्हणून. त्या दिवसापासून चिंच या घराच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. आमटीत आमसूल पडायचं. चिंचेची आठवण झाली की काकू शेजारी जाऊन बोटभर चाटून यायच्या आणि तोंड धुऊन घरात शिरायच्या. हे त्या हसत सांगायच्या. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही.

सरांचं म्हणणं मात्र खरं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. हिरवं म्हणजे मळ नव्हे. ती नाण्याची कातडी. पुष्कळदा आतलं तांबं किंवा कासं जमिनीनं केव्हाच खाल्लेलं असतं आणि अक्षर उरतं ते फक्त त्या हिरव्या कातडीत. कातडी सोलली की खाली गुळगुळीत धातू. चमकतो छान, पण बोलत नाही. एखाद्या नाण्यावर पोपटी, पिठासारखे डाग येतात. तो रोग, त्यावर वेळेवर उपाय करावा लागतो. बाकी हिरव्याला हात लावायचा नाही. सरांना हे सगळं ठाऊक होतं आणि त्यांच्याइतकं ठाऊक असलेला माणूस चार जिल्ह्यांत नव्हता. माझं भांडण त्यांच्या ज्ञानाशी नाही. ते ज्ञान ते कोणत्या वेळी काढत, याच्याशी आहे.

कॉलेजातल्या आमच्या पहिल्याच तासाला त्यांनी दोन नाणी बाकांवरून फिरवली. एक हिरवं, खडबडीत. दुसरं सोन्यासारखं पिवळं.

“यातलं स्वच्छ कोणतं?” सरांनी विचारलं.

दर्यापूरकडचा एक देशमुखांचा मुलगा उभा राहिला. गोरा, नीटनेटका, तेल लावून भांग पाडलेला. “पिवळं, सर.”

सर त्याच्याजवळ गेले. त्याचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला, भिंग लावून पाहिला आणि वर्गाकडे वळून म्हणाले, “याच्या आईनंही याला लहानपणी चिंचेनं घासलेला दिसतो. वरचं सगळं गेलं. आता वाचण्यासारखं काही उरलं नाही.”

वर्गात हशा फुटला. त्या दिवसापासून पोट्टे त्याला ‘चिंच्या’ म्हणायला लागले. मेसमध्ये त्याच्या ताटाजवळ चिंचोके टाकून ठेवायचे. दिवाळीला तो गावी गेला तो परत आला नाही. वडिलांच्या शेतीवर बसला म्हणे. तो गेल्यावर सरांनी हिरव्याचं आणि पिवळ्याचं सगळं शास्त्र आम्हाला फार सुंदर समजावून सांगितलं. तो वर्गात होता तेव्हा मात्र सांगितलं नव्हतं.

अकोल्याला चौधरी नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. मोर्णा नदीच्या काठी, जुन्या शहराच्या मातीत, पावसाळा संपला की नाणी वर यायची, ती वेचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर ते ती नाणी स्वतःच्या हातांनी घासत. त्यांना वाटे, हा त्यांचा मान. म्हातारपणी त्यांनी सगळी नाणी लाल मखमलीवर शिवून शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. त्याचं पत्रक माझ्या वडिलांनी जुळवलं होतं. प्रमुख पाहुणे असनारे सर.

सर मखमलीसमोरून एकदा या टोकाहून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग माईकसमोर उभे राहिले.

“मास्तरांनी मला उद्घाटनाला बोलावलं. पत्रकात चूक झाली आहे. मर्तिकाला बोलावलं असं छापायला हवं होतं. मी एवढी प्रेतं एका जागी कधी पाहिली नव्हती. आणि ज्यानं मारलं त्यानंच नवी वस्त्रं नेसवली आहेत, हेही पहिल्यांदाच पाहतो.”

हॉलमध्ये हशा. चौधरी मास्तरही हसले. पाहुणा मोठा माणूस, यजमानानं हसायचं असतं. ते हसत हसतच मखमलीजवळ गेले आणि एक नाणं वाकडं झालं होतं ते सरळ करत राहिले. बराच वेळ सरळ करत राहिले. पुढं वडिलांनी सांगितलं की मास्तरांनी ती नाणी कासाराला देऊन टाकली. पितळेत वितळून त्यांचं काय झालं असेल ते झालं असेल. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते काट्याचं टोक पाहत होते. “बरं केलं,” ते म्हणाले. “प्रेत घरात ठेवू नये.”

मास्तर इतकी वर्षं नाणी वेचत होते आणि अकोला अमरावतीपासून काही लांब नाही. त्या वर्षांत सर एकदा एस.टी.नं जाऊन त्यांच्या कानात सांगू शकले असते. गेले नाहीत. मर्तिकाला मात्र वेळेवर पोचले.

आता माणिक वानखडेची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

सर कॉलेजात यायच्या आधी हायस्कुलात होते. तेव्हा नाण्यांचा नाद शाळेपर्यंत आला नव्हता, सनावळ्या शिकवायचे. माणिक तेव्हाच्या महारवाड्यातला. तो बाकावर बसला की शेजारची मुलं उठायची. एकदा सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “उठायचं असेल त्यानं खुशाल उठावं. मूर्खांची वेगळी रांग मी व्हरांड्यात लावतो.” कुणी उठलं नाही. माणिक ते विसरला नाही. मॅट्रिक झाला, मास्तर झाला, वलगावकडच्या शाळेत लागला; सर त्याच्या दृष्टीनं सर राहिले. सरांची समता अशी होती: हिणवायचं तर सगळ्यांना सारखंच. ब्राह्मण, देशमुख, माळी, महार, कुणालाही कमी नाही, कुणालाही जास्त नाही. याचा त्यांना अभिमान होता. एकच शब्द देशमुखाच्या पोराला आणि माणिकच्या आईला सारखाच लागतो, असं त्यांना खरोखर वाटायचं.

नागपूरला दीक्षा घेऊन माणिकची बस्ती परत आली त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. वलगावच्या अलीकडं बस्तीला लागून पांढरी आहे. पांढरी म्हणजे जुनी वसलेली, उजाड झालेली जागा. काळ्या रानात तेवढाच पांढुरका उंचवटा. तिथं बस्तीनं विहार बांधायला घेतला. पाया खणताना एक गाडगं लागलं. आत नाणी, एकमेकांना चिकटून हिरवा गोळा झालेली. एकच सुटं होतं. माणिकनं ते कागदात गुंडाळलं आणि थेट सरांकडं आणलं, जसं निघालं तसं, मातीसकट.

मी त्या दिवशी ओसरीवर होतो. सरांनी भिंग लावलं आणि नाणं उजेडाकडं धरलं.

“माणिक, यावर नाव आहे,” सर म्हणाले. “राजाचं नाही. गावाचं. तुमच्या त्या पांढरीवर जे नगर होतं, त्याचं. अक्षरं किटणाखाली दबली आहेत, पण आहेत. गोळ्यातलीही अशीच असतील. एकावर नाही तर दुसऱ्यावर पुरं नाव मिळेल.”

माणिक हळू म्हणाला, “म्हणजे सर, आमी जिथं विहार बांधून राहिलो, त्या जागेले नाव होतं?”

“होतं.”

“आन ते आपल्याले कळन?”

“रविवारी सगळी घेऊन ये. कळेल.”

तुम्हाला याचं महत्त्व कळतं ना? ज्या बस्तीला गावानं कधी नावानं हाक मारली नाही, फक्त जातीनं मारली, तिच्या पायाखाली एका नगराचं नाव सापडत होतं. विहारावर तेच नाव लिहायचं, असं माणिकनं तिथंच ठरवलं. मग सर तासभर बोलले. कोणता काळ, कोणती लिपी, कापूस कुठून कुठं जायचा. खिडकीतल्या वेगळ्या डबीतलं एक पोपटी डागाचं नाणं दाखवून म्हणाले, “हा रोगी. याला मी वाळीत टाकलाय,” आणि हसले. माणिक हसला नाही. सगळं बोलले. ‘धुऊ नका’ एवढं मात्र बोलले नाहीत. सुटं नाणं सरांनी ठेवून घेतलं आणि पाण्यात टाकलं.

रविवारी सरांनी ओसरीवर पांढरी चादर अंथरली होती. पाण्याचे वाडगे ओळीनं मांडले होते. आम्हाला म्हणाले, “आज पाहायला मिळेल ते पुन्हा जन्मात मिळणार नाही.”

बस्ती आली. पांढरे कपडे, पोरांच्या डोक्याला तेल. पुढं माणिकची आई अंजनाबाई, डोक्यावर थाळी, थाळीवर पांढरा रुमाल. माणिक मागं होता; शाळेच्या कामानं तो आदल्या दिवशी बाहेरगावी गेला होता आणि परस्पर स्टँडवर येऊन मिळाला होता. रुमालाखाली काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. अंजनाबाईंनी थाळी चादरीवर ठेवली आणि रुमाल काढला.

सगळी नाणी सोन्यासारखी चमकत होती.

“घ्या सर,” त्या हसत म्हणाल्या. “सारी बस्ती बसली होती घासाले. चिंचेच्या पान्यात उकयले, मंग सुटे झाले. मातीचं कसं आनावं तुमच्या दारी? आमच्या हातचं लोकायले तसंई चालत नोतं. म्हटलं, आता त कोनी बोट दाखवू नये.”

सरांनी एक नाणं उचललं. भिंग. खाली ठेवलं. दुसरं. तिसरं. ते शेवटच्या नाण्यापर्यंत गेले. आत काकू चहाचे कप मांडत होत्या, तो आवाज थांबला. मग सरांनी त्यातलं एक अंजनाबाईंच्या डोळ्यांसमोर धरलं. एरवी सर पुस्तकी बोलत. कुणाला लागावं असं वाटलं की वऱ्हाडीत उतरत.

“वाच व बाई.”

“मले वाचता नाई येत, सर.”

“अक्षर कुठं हाये, तेवढं त दाव मले.”

अंजनाबाई वाकल्या. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखं त्यांनी नाणं नीट पाहिलं आणि एका जागी बोट टेकवलं. “इथं?”

कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे. आज तोही कुठंतरी शिकवतो.

“तिथं काही नाही,” सर म्हणाले. आता पुन्हा पुस्तकी. “कुठंच काही नाही. परवापर्यंत होतं. जमिनीनं दोन हजार वर्षं जे सांभाळलं ते तुमच्या बस्तीला चार दिवस सांभाळता आलं नाही. नाव पाहिजे होतं ना तुम्हाला? ते तुम्ही पुसलंत. लोकांनी पुसलं म्हणून रडता. हे कुणी पुसलं? तुमच्या हातांनी. पुन्हा कशाला हात लावू नका.”

अंजनाबाईंनी हात पदराखाली घेतले. एवढंच केलं त्यांनी. पण मी आजवर जेवढी पत्रकं वाचली त्यातलं एकही मला तेवढं पेटवू शकलं नाही.

माणिक पुढं आला. “सर, मी नाणं घेऊन आलो तवा तुमी तासभर बोलले. कोनता काळ, कोनती लिपी. ‘धुऊ नका’ हे काहून नाई बोलले?”

“माझ्या विद्यार्थ्याला हेही सांगावं लागतं?”

“मी लहान पोरायले शिकवतो, सर. तवा तापला हाये, हे मी पोराले हात लावाच्या पयले सांगतो. पोयल्यावर नाई सांगत.”

सर भिंग पुसू लागले.

“आमचं सुटं नाणं द्या,” माणिक म्हणाला.

“ते मिळणार नाही. ते तुमच्या हाती देणं म्हणजे खून.”

माणिकनं वाद घातला नाही. पुढच्या रविवारी बस्ती येऊन सरांच्या कुंपणापाशी बसली. घोषणा नाहीत, काही नाही. नुसती बसली. त्याच्या पुढच्या रविवारीही. अंबापेठेतले लोक गॅलरीत येऊन पाहायचे. काकू माठातलं पाणी तांब्यानं बाहेर नेऊन द्यायच्या आणि त्याच तांब्यानं स्वतः प्यायच्या. सर आत पाठमोरे बसून त्या नाण्यावर काटा चालवत राहायचे. घाईनं नाही. त्यांच्या काट्याला कधी घाई नव्हती, हे कबूल करायलाच हवं. त्यांच्या पाठीकडं पाहून मला वाटायचं, हा माणूस आता उठेल, बाहेर येईल, म्हणेल, ‘अंजनाबाई, चुकलो, आत या, पाहा कसं करायचं असतं.’ तेवढं त्याला अजून करता येण्यासारखं होतं.

शेवटी एका रविवारी ते खरोखर बाहेर आले. हातात काड्यापेटी, तिच्यात कापूस, कापसात नाणं. ती त्यांनी माणिककडं टाकली.

“घ्या. चिंच आहे ना घरी? की पाठवू?”

“काय वाचलं, सर?” माणिकनं विचारलं.

“दोन अक्षरं निघाली. बाकीची किटणाखाली आहेत.”

“कोनती दोन?”

“ती मी काढली. माझ्याजवळ राहतील.”

आणि दार लावून घेतलं. नाण्यावर ती अक्षरं होतीच, पण इतकी बारीक की ती लिपी येणाऱ्याशिवाय आणि भिंगाशिवाय ती कुणाला दिसणारी नव्हती. सरांना हे पक्कं माहीत होतं.

त्या दिवसापासून काकूंनी आमटीत चिंच घालायला सुरुवात केली. सरांनी पहिला घास घेतला, ताटाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं जेवले, असं काकूंनीच मला सांगितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत.

विहार उभा राहिला. लहान, टिनाचा. घासलेली नाणी अंजनाबाईंनी पायरीच्या दगडाखाली पुरली. विहाराच्या पाटीवर नाव नव्हतं, नुसतं ‘विहार’. माणिकची बदली दर्यापूरकडं झाली. तो ते नाणं घेऊन नागपूरला कुणाकडं जाणार होता, पण अंजनाबाईंनी दिलं नाही. “आनखी एक मानूस हासन,” त्या म्हणाल्या.

बऱ्याच वर्षांनी, मी एका साप्ताहिकात काम करत असताना, अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर सर दिसले. निवृत्त झाले होते. प्रत्येक गाडीसमोर थांबून कंडक्टरला विचारत होते, ही कुठली? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाचणाऱ्याला गाडीची पाटी वाचता येत नव्हती.

“वलगावला येतोस का?” मी हाक मारल्यावर त्यांनी आवाजावरून मला ओळखून विचारलं. “मला ते नाणं एकदा पाहायचंय.”

मी गेलो. विहाराची किल्ली अंजनाबाईंकडं होती. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण ताठ.

“कोन?”

“मी असनारे. अमरावतीचा.”

“ओयखलं. आवाज इसरन का मी?” त्यांनी आधी पाण्याचा तांब्या दिला. सरांनी पाणी प्यायलं. मग अंजनाबाईंनी दार उघडलं. आत समई चिंचेनं घासून लखलखीत, आणि तिच्या शेजारी काचेच्या पेल्यात, कापसावर, ते नाणं. हिरवं. बस्तीतल्या कुणालाही अंजनाबाईंनी त्याला बोट लावू दिलं नव्हतं.

त्यांनी ते फडक्यावर घेतलं आणि तळहात पुढं केला. सरांनी हात लांबवला तशी त्यांनी तळहात मागं घेतला.

“हात नका लावू. तुमीच सांगतलं होतं.”

सरांनी हात खाली घेतला. वाकले. नाण्याला नाक लागेल इतके जवळ गेले. भिंग काढलं, लावलं, पुसलं, पुन्हा लावलं.

“वाचा, सर,” अंजनाबाई म्हणाल्या. “अक्षर कुठं हाये, तेवढं त दावा मले.”

सरांनी बोट उचललं आणि टेकवलं. ते नाण्यावर पडलं नाही. फडक्यावर पडलं.

अंजनाबाई हसल्या नाहीत. “मलेबी नोतं दिसलं त्या दिवशी,” एवढंच म्हणाल्या.

“ती दोन अक्षरं मला पाठ आहेत,” सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “सांगतो. पण एकदा हातात दे.”

“मानिकनं इचारलं तवा नाई सांगितले. आता सौदा करून राहिले का?” त्यांनी नाणं पेल्यात ठेवलं. “सांगाचे असन त दर्यापूरले जा. मानिक तिथं हाये.”

बस्तीकडून फाट्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत. मी सरांना विचारलं, “मला तरी सांगा. कोणती अक्षरं होती?”

“तू काय करशील?” सर म्हणाले. “पत्रक छापशील?”

फाट्यावर आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतो. सरांनी चाचपत एक फांदी धरली, काटा तोडला, टोक अंगठ्यावर टेकवलं. पसंत पडला असावा. खिशातली पुडी काढली. पण पुडीचं तोंड त्यांना दिसेना. काटा पुडीच्या बाहेर पडला, त्यांनी पुडी नीट मिटली आणि खिशात ठेवली. गाडी आली. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. ते दर्यापूरला गेले नाहीत. ती दोन अक्षरं घेऊन गेले.

त्या दिवशी विहारात न्याय झाला असं काही मित्र म्हणतात. मी ती पाटी पाहिली आहे, तिच्यावर अजून नाव नाही. मला यात न्याय दिसत नाही. जाणत्याजवळ ज्ञान होतं, बस्तीजवळ नाणं होतं, आणि एका जागी येऊन दोघांचीही माती झाली, कारण जाणत्याला चूक झाल्यावर बोलण्यात गोडी होती.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाला ती जुनी लिपी वाचता येत असेल तर वलगावला जा. नाणं अजून न घासलेलं आहे. काटा फाट्यावर मिळेल. पण गेल्यावर आधी अंजनाबाईंजवळ खाली बसा. तुम्ही काय करणार आहात, का करणार आहात, काय बिघडू शकतं, हे त्यांना नाण्याला हात लावायच्या आधी सांगा. आणि पहिलं अक्षर निघालं की ते दुसऱ्या कुणाला सांगू नका. त्यांनाच सांगा, मोठ्यानं, आणि ते कुठं आहे तिथं त्यांचं बोट धरून ठेवा.